आईच्या साड्यांच्या गोधड्या करायच्यात, पण कात्री लावायचं मन होत नाही

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईंना जाऊन वर्ष झालं. माहेरून त्यांच्या साड्यांची ट्रंक तुमच्याकडे आली. तीत चार सुती नऊवारी, त्यांतल्या दोन इरकली, आठ सुती सहावारी, तीन पॉलिएस्टरच्या, आणि एक जुनी पैठणी. दिवाळीला भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मावशी असे पाच जण तुमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांच्या घरी राहायला येणार. जादा अंथरूण-पांघरूण घरात नाही. दोन महिने हातात आहेत, साधं घरगुती मशीन आहे, रोज तासभर सवड मिळते. पाच गोधड्या, हॉलचे पडदे आणि उशांचे अभ्रे करायचेत. हाताने शिवू की मशिनवर, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय की कात्री हातात घेतली की हात थांबतो.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. मी साताऱ्याकडे बरीच वर्षं गोधड्या शिवून देते आणि माझ्याकडे येणारी बरीचशी कामं अशाच साड्यांची असतात, आईच्या नाहीतर आजीच्या. त्यात एक अडचण हमखास दिसते. एकाच साडीकडून आपण दोन कामांची अपेक्षा करतो. तिने आईची आठवण जपावी आणि तिनेच पाहुण्यांचं अंथरूणही व्हावं. आठवणीचं कापड कमीत कमी हाताळायचं असतं. पाहुण्यांचं कापड मात्र दर मुक्कामानंतर धुवावं लागतं, त्यावर लहान मुलं दूध सांडणार, कुणाच्या डोक्याचं तेल लागणार. म्हणून पहिली विभागणी रंग, काठ किंवा आठवण बघून करू नका. जी साडी पन्नास धुण्यांना टिकेल ती पाहुण्यांच्या कामाला. जी टिकणार नाही, ती कितीही आवडती असली तरी अंथरुणात घालू नका. दोन-तीन दिवाळ्यांत तिच्या चिंध्या होतील आणि त्याचं दुःख जास्त होईल.

टिकेल की नाही हे ओळखायला दुकानात जावं लागत नाही. साडी खिडकीसमोर धरा. जिथून उजेड ठिपक्याठिपक्यांनी येतो तिथे सूत विरलंय. मग दोन्ही हातांचे अंगठे दोन इंच अंतरावर ठेवून कापड चिमटीत धरा आणि हळूहळू ताणा, आधी उभ्या धाग्याच्या दिशेने, मग आडव्या. चांगलं सूत ताणून परत येतं. थकलेलं सूत बारीक ‘चर्र’ आवाज करतं, तो आवाज आला की हात थांबवा. ही परीक्षा पदराजवळ घेऊन उपयोग नाही, पदर शेवटपर्यंत चांगला राहतो. नऊवारीत कासोट्याचा भाग आणि घोट्याजवळचा काठ बघा. सहावारीत फॉल लावलेली कड आणि बसताना ताण पडतो तो मागचा भाग बघा. तुमच्या बारा सुती साड्यांतल्या सात-आठ निघाल्या तरी भरपूर झाल्या.

आता कात्रीचं. चौघडी हा प्रकार तुमच्या घरीही असणार, बाळाला गुंडाळायला किंवा उन्हाळ्यात अंगावर घ्यायला. तिच्यात कात्रीचं काम जवळजवळ नाहीच. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. तिचे चार पदर, म्हणजे एकावर एक चार थर केले की प्रत्येक पदर दोन मीटरांहून थोडा जास्त, म्हणजे पावणेसात फुटांच्या आसपास येतो. रुंदी साडीची असेल ती, पावणेचार ते चार फूट. एका माणसाला पुरेल असं पांघरूण एका अखंड साडीतून निघतं. लांब बाजूंना साडीचेच काठ येतात, ते सुटत नाहीत, म्हणून दुमडून शिवायची गरज नाही. आखूड बाजूंना घड्या येतात, त्याही सुटत नाहीत. साडीची दोन मोकळी टोकं तेवढी अर्धा इंच आत दुमडून घ्यायची. वरून धावदोरा. उद्या कधी वाटलं तर तो दोरा उसवून साडी पुन्हा अखंड मिळते, बारीक सुईची भोकं राहतील इतकंच. माझ्याकडे येणाऱ्या ज्या बायकांचा हात थांबतो, त्यांना मी हेच सुचवते. कापायचं नाही म्हटल्यावर त्या मोकळ्या मनाने कामाला बसतात.

घडी कशी घालायची यालाही महत्त्व आहे. साडी मधोमध दुमडून पुन्हा मधोमध दुमडली, तर तिची एक अर्धी लांबी पूर्ण आत जाते आणि दुसरी अर्धी वर-खाली दिसते. म्हणजे विरलेला अर्धा भाग पोटात लपवता येतो. त्याऐवजी नागमोडी घडी घातली, एकदा इकडे एकदा तिकडे, तर साडीची दोन्ही टोकं बाहेर येतात आणि मधला भाग आत जातो. कासोट्याकडचा भाग मधोमध विरलेला असेल तर ही घडी बरी. आधी जमिनीवर दोन्ही प्रकारे घालून बघा, एकदा टाके घातले की बदलायचा कंटाळा येतो.

इरकलींबद्दल थोडं सावध राहा. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर बहुधा रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, आणि त्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असून मागावरच अंगाच्या ताण्याला जोडलेला असतो. ती जोडाची रेघ नीट पाहिलीत तर दिसेल. सुती अंग आणि रेशमी पदर धुण्यात सारखे वागत नाहीत. शिवाय पदराचा लाल रंग उतरू शकतो. एक पांढरा ओला फडका पदरावर ठेवून त्यावर गरम इस्त्री दाबा. फडक्यावर गुलाबी डाग आला तर तो पदर चौघडीत नको. इथे मात्र कात्री लागेल, पण जोडाच्या रेघेवरच कापायचं, साडीच्या अंगाला धक्का नाही. पदर काढल्यावर चौघडी सव्वासहा फुटांच्या आसपास भरते, ती भाच्यांना द्या. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, त्या भरवशावर राहू नका. एकदा उतरणारा रंग पुढेही उतरतच राहतो.

सहावारीचा हिशेब वेगळा. साडेपाच मीटर म्हणजे १८ फूट. तिचे तीन पदर सहा-सहा फुटांचे होतात, पण ते मोठ्या माणसाला अपुरे आणि तीन पदरांत ऊबही कमी. म्हणून दोन सहावारी एकत्र घ्या. प्रत्येकीचे सात फुटांचे दोन तुकडे, म्हणजे चार पदर झाले. प्रत्येकीचा चार फुटांचा तुकडा उरतो, पदर त्यातच येतो, आणि त्यातून दोन अभ्र्यांचे पुढचे भाग निघतात. अभ्र्याच्या मागच्या बाजूला मांजरपाट लावा, त्याने अभ्रा टिकतोही आणि पदराचं नक्षीकाम वर येतं. पावणेचार फूट रुंदी पांघरायला कमी वाटली तर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांची पट्टी जोडा. ही पट्टी एखाद्या विरलेल्या साडीच्या काठाची करता येते. साडीचं अंग गेलेलं असलं तरी वरचा, पदराकडे खांद्यावर जाणारा काठ बऱ्याचदा धड असतो.

यावर तुम्ही म्हणाल, साड्या तर कापाव्याच लागल्या. हो, सहावारीत लागतील. म्हणून मी नऊवारी आधी करायला सांगते आहे. पहिली चौघडी हातात आली, घरातल्या सगळ्यांनी ती अंगावर घेऊन पाहिली, की पुढच्या साडीला हात लावणं सोपं जातं. तरीही एखादी साडी नाहीच कापवली तर ती बाजूला ठेवा, त्यात काही चूक नाही. ट्रंकेत दोन साड्या अखंड राहिल्याने घरातली जागा अडत नाही.

कापण्याआधी एक काम मात्र चुकवू नका. मावशींना आणि भावाला फोन करा. शक्य असेल तर साड्या पलंगावर पसरून व्हिडिओ कॉलवर दाखवा. आईंची धाकटी बहीण आहे ती, यातली एखादी साडी कोणत्या लग्नात घेतली होती हे तिला ठाऊक असेल, तुम्हाला नसेल. वहिनींनाही विचारा. बरोबरीने न विचारल्यामुळे घरात वर्षानुवर्षं राहिलेल्या कुरबुरी मी या कामात पाहिल्या आहेत, आणि त्या शिवणीने सांधत नाहीत. ज्याला जी साडी हवी ती त्याच्या नावाने बाजूला काढा. उरल्या त्यांवर काम सुरू करा.

आणखी एक गोष्ट, जी काही घरांत बोलली जात नाही पण मनात असते. आईच्या साडीवर पाय कसे ठेवायचे? तुमच्या घरी असं वाटत असेल तर ओळखू येणाऱ्या साड्यांची फक्त पांघरुणं करा. अंथरायला दुसरं काहीतरी घ्या. खरं सांगायचं तर तुम्हाला पाच गोधड्या शिवायची गरजच नाही. फरशीवर चौघडी अंथरली तर पाठीला काहीच आधार मिळत नाही, ती गादीवर टाकायची किंवा अंगावर घ्यायची वस्तू आहे. खाली सतरंजी आणि तिच्यावर दुहेरी सोलापुरी चादर टाकली की मुलांची सोय होते. भाऊ-वहिनींना गादी लागेल, ती घडीची फोमची घ्या किंवा शेजाऱ्यांकडून चार दिवसांसाठी मागून आणा. मावशींना पलंग द्या. सत्तरीच्या माणसाला जमिनीवरून पहाटे उठताना काय त्रास होतो तो ते सांगत नाहीत, पण होतो. तुम्ही आणि तुमचे यजमान चार दिवस हॉलमध्ये झोपलात तर काही बिघडणार नाही.

आता हाताने की मशिनवर. हे तुमच्या हाताच्या सवयीवर आणि वेळेवर ठरेल, म्हणून आधी वेळेचा हिशेब बघा. चौघडीत दोन बोटांच्या अंतराने, म्हणजे दीड इंचावर ओळी घातल्या तर ४५ इंच रुंदीत ३० ओळी बसतात. प्रत्येक ओळ ७ फुटांची. एकूण २१० फूट धावदोरा. सवयीच्या बाईला एका ओळीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, नव्या हाताला पाऊण तास धरा. म्हणजे एक चौघडी हाताने करायला तुम्हाला सुरुवातीला बावीस-तेवीस तास लागतील. रोज तासभर बसून दोन महिन्यांत फार तर तीन होतील, तेही धुणं, कच्चे टाके, अभ्रे यांना वेळ न ठेवता. पाच हाताने होणार नाहीत. म्हणून माझा सल्ला असा की एक नऊवारी हाताने करा, आईंची सगळ्यात जास्त वापरलेली, जिचं सूत अजून धड आहे ती. ती मावशींना पांघरायला द्या. दुसरी नऊवारी, एक इरकल आणि सहावारींची एक जोडी मशिनवर. अशी चार पांघरुणं पुरेत. पाचव्यासाठी सोलापुरी चादर आहेच.

हात आणि मशीन यांत दिसण्यापलीकडेही फरक आहे. हाताचा धावदोरा सैल असतो, चारही पदरांमध्ये थोडी हवा राहते, कापड अंगाला बिलगतं. पदर एकमेकांवर किंचित सरकू शकतात म्हणून ताण एका टाक्यावर येत नाही. मशिनची टीप घट्ट असते, गोधडी थोडी ताठ वाटते, आणि जुन्या सुतात सुई एका रेषेत जवळजवळ भोकं पाडत जाते. त्या रेषेवरच पुढे कापड फाटू शकतं. म्हणून मशिनवर करणार असाल तर टाका मोठा ठेवा, साडेतीन ते चार मिलिमीटरचा, आणि दोन ओळींमध्ये अंतर तीन बोटं ठेवा. सुई १६ नंबरची, नवी. बोथट सुई सूत ओढते.

हाताने शिवताना दाभण घेऊ नका, तो पोत्यांसाठी. लांब, बारीक आणि मोठ्या डोळ्याची सुई घ्या. दोरा जाड सुती, भरतकामाचा ८ नंबरचा असतो तो उत्तम चालतो. चौघडीला शंभर मीटर धरून ठेवा. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो खरा, पण जुन्या सुतापेक्षा फारच मजबूत, ताण आला की तो तुटत नाही, कापडच फाटतं. दोरा कापडापेक्षा थोडा कमजोर असलेला बरा, कारण दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. चार पदरांतून सुई ढकलताना पहिल्याच दिवशी बोटाचं टोक हुळहुळं होतं.

शिवण्याआधीची तयारी जास्त महत्त्वाची आहे, तिथे घाई केली की पुढे उपाय नसतो. सगळ्या सुती साड्या कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा. जुन्या साड्यांत खळ राहिलेली असते. खळीवर कसर, म्हणजे कापड खाणारी कीड येते, गोधडीच्या पोटात ती गेली तर काढता येत नाही. मांजरपाट नवा घेणार असाल तर तोही आधी धुवून वाळवा, तो पहिल्या धुण्याला आटतो आणि साडीला ओढून धरतो, मग अभ्र्याला चुण्या पडतात. साड्यांनी आटायचं ते केव्हाच आटून झालेलं असतं.

मग कच्चे टाके. हॉलमधलं फर्निचर भिंतीला सरकवा, फरशी पुसून कोरडी करा आणि चौघडी पसरा. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा, आमच्याकडे दगड ठेवतात, तुम्ही डबे ठेवा. तळहाताने मधून बाहेर असा हात फिरवा, प्रत्येक पदरावर वेगळा, एकदम चारींवर नाही. खालच्या पदराला झोळ राहिला तर वरून दिसत नाही, पण हात सरळ दाबून नेला की बोटांखाली वळी लागते. ती वळी काठापर्यंत सारत न्या. सगळं सपाट झालं की मधोमध एक उभी आणि एक आडवी ओळ मोठ्या टाक्यांनी घाला, मग मधून कोपऱ्यांकडे तिरक्या ओळी. टाके चार-चार बोटांचे चालतात, ते नंतर उसवायचेच आहेत. गावाकडे आमच्या बायका काठापासून चौकोनात आत आत शिवत जातात आणि छान होतं. पण तिथे तीन-चार जणी चारी बाजूंनी बसतात, कापड सतत ताणलेलं असतं. एकटीने शिवताना तसं केलं तर सगळा झोळ मधे साचून फुगा येतो. म्हणून तुम्ही मधल्या ओळीपासून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंना जा.

मशिनवरही मधली ओळ आधी. उजवीकडची अर्धी चौघडी घट्ट गुंडाळून मशिनच्या हाताखालून जाऊ द्या. डावीकडचा भार टेबलावर किंवा खुर्चीवर टेकवा, तो खाली लोंबला तर टाके वाकडे पडतात. एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. सगळ्या ओळी एकाच टोकाकडून सुरू करा. मशिनचे खालचे दात फक्त खालचं कापड ओढतात, वरचा पदर मागे राहतो. एक ओळ खालून वर आणि पुढची वरून खाली घातली, तर पदर उलटसुलट सरकतात आणि गोधडीला पीळ बसतो, तो धुतल्यावर आणखी वाढतो. कापड दाबून धरणाऱ्या मशिनच्या फूटचा दाब कमी करता येत असेल तर करा.

जास्त ऊब हवी म्हणून आठ-दहा पदरांची वाकळ करायचा मोह होईल. ठाण्यात नको. चार पदरांची सुती चौघडी पाऊण ते एक किलोची होते, मशिनमध्ये धुता येते, गॅलरीत एका दुपारी वाळते. दहा पदरांची वाकळ कोरडीच तीन किलोपर्यंत जाते, भिजली की एकटीला पिळवत नाही, आणि दमट हवेत आतला पदर ओला राहून वास मारतो. आमच्याकडे माळावर ऊन असतं, दगडावर आपटायला जागा असते, म्हणून वाकळ निभते. भावाकडून एखादी वाकळ भेट आली तर अवश्य घ्या, पण ठाण्यात दर दिवाळीला धुवायची वस्तू चार पदरांचीच असावी.

ठेवायचं कुठे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन खोल्यांत तोच प्रश्न पुढे येणार. त्यासाठी उरलेल्या सहावारींतून २४ इंच चौरस अशा मोठ्या खोळी शिवा, मागून झाकण दुमडणाऱ्या, चेन नको. चौघडीची घडी घालून खोळीत सरकवली की सोफ्यावर टेकायला जाडसर उशी तयार. पाहुणे आले की खोळीतून पांघरूण बाहेर निघतं, गेले की धुऊन, वाळवून परत आत. माझ्याकडची शहरातली गिऱ्हाइकं आता गोधडीबरोबर खोळ मागूनच घेतात. पॉलिएस्टरच्या तीन साड्या गोधडीत घालू नका. त्या घाम शोषत नाहीत, सुईखाली सरकतात, मधे एक पदर घातला तरी बाकीचे त्यावरून घसरतात. त्यांच्या पिशव्या करा, सोलापुरी चादरी आणि जादा उशा वर माळ्यावर ठेवायला चांगल्या.

पडद्यांबद्दल माझं मत थोडं कडक आहे. हॉलची खिडकी पश्चिमेची असेल तर आईच्या साड्या तिथे लावू नका. उन्हाने रंग तर जातोच, सूतही कुजतं, आणि हे सगळं वर्षा-दोन वर्षांत होतं. उत्तरेची खिडकी असेल किंवा समोर इमारत असेल तर चालेल. पडद्याला खिडकीच्या दुप्पट रुंदीचं कापड लागतं, म्हणजे एका सहावारीचे दोन पट्टे चार फुटांच्या खिडकीला पुरतात. मागे मांजरपाटाचं अस्तर लावावंच लागेल. संध्याकाळी दिवे लागले की एकेरी सुती साडीतून बाहेरच्याला घरातलं सगळं दिसतं. अस्तर शिवणं हे दोन महिन्यांत तुमचं दुप्पट काम आहे, म्हणून पडदे दिवाळीनंतर करा. पाहुण्यांना पडदे लक्षात राहत नाहीत, अंग दुखलं ते राहतं.

पैठणीला हात लावू नका, सध्या तरी. जुनं रेशीम घडीवर चिरतं. ती ट्रंकेतून काढा, सावलीत तासभर पसरा, घडी वेगळ्या जागी येईल अशी पुन्हा घाला आणि धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. धुवायची तर अजिबात नाही. पदर धड आणि अंग चिरलेलं असेल तर पुढे कधी पदराला मागून पातळ सुती कापडाचा आधार देऊन भिंतीवर लावता येईल, पण तो निर्णय मावशी घरी असताना घ्या. त्या म्हणतील तर तशीच राहू द्या.

कामाचा क्रम असा ठेवलात तर दमछाक होणार नाही. पहिला आठवडा फोन, निवड, परीक्षा आणि धुणं. दुसऱ्या आठवड्यापासून रोज अर्धा तास हाताची चौघडी. टीव्ही बघतानाही ओळी होतात. ती दिवाळीपर्यंत सावकाश चालू राहू द्या. शनिवार-रविवार मशिनच्या तीन चौघड्यांना. एका बैठकीत एकीचे कच्चे टाके आणि मधल्या दहा ओळी होतात, दुसऱ्या बैठकीत बाकीच्या. अभ्रे आणि खोळी शेवटच्या दोन आठवड्यांत, ते काम झटपट होतं. दसरा झाला की ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, तेव्हा तयार झालेली पांघरुणं एकदा धुऊन दोन्ही बाजूंनी वाळवा, कच्चे टाके उसवा आणि सैल झालेला टाका दिसला तर तिथेच सावरा. शिवून थेट पाहुण्यांना देऊ नका. पहिल्या धुण्यानंतर कापड बसतं आणि मऊ होतं.

मुलांपैकी कुणी आठ-दहा वर्षांचं असेल तर हाताच्या चौघडीच्या शेवटच्या दोन ओळी मुद्दाम शिल्लक ठेवा. आली की त्यांना सुई द्या. टाके वाकडे पडतील, पडू देत. आजीच्या साडीवर त्यांच्याही हाताचे टाके राहतील.

एक काम आजच करा. चारही नऊवारींची लांबी आणि रुंदी मोजून इथे लिहा. जुन्या साड्या सगळ्या सारख्या भरत नाहीत, काहींचा पदर आधीच कुणीतरी कापलेला असतो. आठ मीटरपेक्षा कमी निघाली तर चार पदरांची घडी मोठ्या माणसाला आखूड पडेल, त्या साडीसाठी टोकाला पट्टी कशी जोडायची ते मापं पाहून सांगते.